बरडीवरचे नळाचे खड्डे

बाटलीतलं पाणी पिवळं झालं नाही. मी ते सांडून दिलं, बाटली पुन्हा भरली, पुन्हा थेंब टाकले आणि झाकण लावून हलवली. पाणी पांढरंच राहिलं.

पार्बतामावशी उंबरठ्यावर बसून पाहत होत्या. आत त्यांची लेक मंगला बाळंतीण होती. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. बाळाच्या अंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं होतं.

"काय झालं वो बाई? दोनदा दोनदा काहून भरून राहिली?"

"काही नाही मावशी. पाणी उकळूनच घ्या दोन-चार दिवस."

"ते तं उकळूनच राहिली. पण झालं काय?"

मी बाटली पिशवीत ठेवली आणि साहेबांना सांगते, एवढंच म्हणून निघाले.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे, कंत्राटी. माझं काम सोपं आहे. रोज सकाळी पाणी यायच्या वेळेला वेगवेगळ्या आळ्यांत जायचं, नळाचं पाणी बाटलीत घ्यायचं आणि त्यात ओटीचे थेंब टाकायचे. ओटी हे एका औषधाचं नाव आहे. टाकीतून पाणी सोडताना त्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते घरापर्यंत पोचलं असेल तर ओटीने पाणी पिवळं होतं. पिवळं झालं तर चांगलं. नाही झालं तर क्लोरीन वाटेत कुठेतरी खर्च झालं, आणि खर्च झालं म्हणजे त्याला वाटेत घाण भेटली.

हे काम बाईला देतात, कारण पाणी येतं तेव्हा घरात बायाच असतात. कोणी न्हाणीत असते, कोणी अंगणात धुणं घेऊन बसलेली असते. अनोळखी माणूस बाटली घेऊन आत आला तर बरं दिसत नाही. मी चौथी शिकलेली आहे. पिवळं आणि पांढरं ओळखायला तेवढं पुरतं.

आमच्या शहराचं पाणी वैनगंगेचं. मी नदीपलीकडे कारध्याला राहते, त्यामुळे कामावर येताना रोज पुलावरून नदी दिसते. खाली धरण झालं तेव्हापासून इथे नदी वाहत नाही, साचून राहते. वरच्या गावांचं आणि शहरांचं सांडपाणी तिच्यात येतं. त्यावर इकॉर्निया वाढते. इकॉर्निया म्हणजे जलपर्णी, हिरवी जाड पानांची, जांभळी फुलं येतात ती. लांबून पाहिलं तर धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर वाटतं. नदीत एक मोठी विहीर बांधली आहे, तिला जॅकवेल म्हणतात. तिथून पंपाने पाणी उचलतात. इकॉर्निया तिच्या जाळीला येऊन चिकटते. मग पंप ओढतो, पण पाणी कमी येतं. पाणी कमी आलं की टाकी भरत नाही. टाकी भरली नाही की प्रेशर राहत नाही. मग खालच्या वॉर्डांत पाणी येतं आणि बरडीवर हवा.

बरडी म्हणजे उंचावरची मुरमाड जागा. पूर्वी तिथे गुरं चरायची, आता घरं आहेत. बरडीच्या अगदी वरच्या आळीत शेवटचं घर पार्बतामावशींचं. लाइनच्या अशा शेवटच्या टोकाला साहेब टेल एंड म्हणतात. पाणी बिघडलं तर ते आधी टेल एंडला कळतं, आणि पाणी आलं तर ते शेवटी टेल एंडला येतं.

आमचे इंजिनियर गभने साहेब तरुण आहेत, पण धांदल करत नाहीत. मी बाटली दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली.

"आधीच्या घरी?"

"वळणावरच्या घरी पिवळं झालं साहेब. त्याच्या पुढे फिकं. मावशीकडे काहीच नाही."

"आळीत कोणाची पोटं बिघडली आहेत का?"

"तीन-चार घरी पोरांना जुलाब आहेत."

त्यांनी सेवकभाऊंना बोलावलं. सेवकभाऊ आमचे फिटर. व्हॉल्व उघडणं, लीकेज काढणं, खोदकाम, सगळं तेच करतात. "लाइन फुटली असेल नालीखाली," ते म्हणाले. "उद्या खोदून पाहू."

दुसऱ्या दिवशी नालीच्या काठाने खोदलं. पाइप कोरडा होता, जोड पक्के होते. आणखी वर खोदलं. तिथेही काही नाही. सेवकभाऊ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. आळीतली माणसं गोळा झाली आणि कुठे खोदायचं हे प्रत्येकजण सांगायला लागला.

तेवढ्यात मंगला दारात आली. तिच्या हातात गंज होता. गंज म्हणजे आमच्याकडचं पाण्याचं उभं भांडं.

"ताई, हे पाहा ना. आजच्या पाण्यात निघालं."

गंजात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. दिवाळी नुकतीच झाली होती, झेंडू घरोघरी होता. पण नळातून झेंडू कसा येईल? टाकीतून तर येणार नाही. टाकीवर झाकण आहे आणि मध्ये फिल्टर आहे.

गभने साहेब तिथेच होते. त्यांनी पाकळ्या पाहिल्या आणि आळीतून खाली चालायला लागले. प्रत्येक घरासमोर थांबून नळाच्या खड्ड्यात वाकून पाहत होते. मी मागे होते. मधल्या घरासमोर ते थांबले. तो शेवंताबाईंचा खड्डा. आळीत सगळ्यांत खोल तोच. उतरायला विटांच्या पायऱ्या होत्या. तळाला गढूळ पाणी साचलं होतं आणि त्यावर लक्ष्मीपूजनाचा हार सुटून पसरला होता.

हे खड्डे काय, ते सांगायला पाहिजे. प्रेशर नसलं की जमिनीच्या वर लावलेल्या नळाला पाणी येत नाही. मग माणूस नळाजवळ खणतो आणि पाइप खाली वाकवून घेतो. पाणी खाली धावतं, तेव्हा खालच्या नळाला ते आधी मिळतं. शेजारचा पाहतो, याच्याकडे पाणी आलं. तो त्याहून खोल खणतो. मग पहिला पुन्हा खणतो. असं करत बरडीवरचे खड्डे कोणी गुडघाभर, कोणी कंबरेएवढे केले होते. खड्ड्यात बसून वाटीने पाणी भरायचं आणि भरलेला गुंड, म्हणजे हंडा, वरच्या बाईकडे द्यायचा. तोटी कोणी लावत नव्हतं. पाणी थोडाच वेळ येतं, बंद कशाला करायचं?

पाणी येत असतं तोपर्यंत ठीक. गडबड पाणी गेल्यावर होते. व्हॉल्व बंद केला की लाइनमधलं पाणी उतारावर खाली जातं, आणि जाताना उघड्या पाइपांतून मागे ओढ लागते. खड्ड्यात जे साचलेलं असेल ते पाइपात शिरतं. भांडी धुतलेलं, पाय धुतलेलं, नालीतून झिरपलेलं, सगळं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की तेच पुढे ढकललं जातं. पुढे कोण, तर शेवटचं घर.

साहेबांनी हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं. शेवंताबाई पायरीवर बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे मी पार्बताच्या नळात हार टाकला म्हणता?"

"टाकला नाही. लाइनने ओढला."

"मंग लाइनले सांगा ना, मले कायले सांगता?"

लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही. आळीतल्या कडुनिंबाखाली सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले की खड्डे बुजवायचे, नळ गुडघ्याएवढे वर घ्यायचे, सगळ्यांचे सारख्या उंचीवर, आणि तोट्या लावायच्या. पाइप आणि तोट्या ऑफिस देईल.

"नळ वर घेतला तं पाणी चढंल का साहेब?" कोणीतरी विचारलं.

"सगळ्यांनी एकदम वर घेतला तर चढेल. थोडं चढेल, पण शेवटपर्यंत जाईल. मी हिशोब केला आहे. एकानेही खड्डा ठेवला तर पाणी तिथेच पडेल. तुम्ही धान लावता ना? वरच्याने पाट फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं तर खालच्याला मिळतं का?"

"नाही मिळत," शेवंताबाई म्हणाल्या. "अन् तिथंही दर साली डोकी फुटतेतच."

पण आळीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. हो साहेब, बराबर आहे साहेब, या आठवड्यात करून टाकतो. मग ते मंडईला गेले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, पाहुणे येतात, दंडार हे लोकनाट्य होतं. आज या गावची, उद्या त्या गावची. आठवडा गेला. एकही खड्डा बुजला नाही.

साहेबांनी मला बोलावलं.

"वनिताबाई, पाणी बाया भरतात. त्यांच्याशीच बोलावं लागेल. तुम्ही घरोघरी जाऊन सांगा."

"मी?"

"मी बोललो तर हो म्हणतात आणि करत नाहीत. तुम्हाला निदान नाही का म्हणतात ते तरी सांगतील. ऐका, नाही झालं तर मला वरची लाइन बंद करून टँकर लावावा लागेल. ते पाणी मी पोरांना पाजू देऊ शकत नाही."

बरोबर होतं त्यांचं. पण टँकर बरडीवर चढला तरी वळणाच्या खालीच थांबतो, वर रस्ता अरुंद आहे. म्हणजे पार्बतामावशींना, गुडघे दुखत असताना, गुंड घेऊन खाली उतरावं लागणार, नाहीतर ओल्या बाळंतिणीला. हे मला दिसत होतं. तरी घरोघरी जाऊन बोलायचं मला जड जात होतं. मी लोकांच्या घरी रोज जाते, पण बोलायला जात नाही. बाटली भरते आणि निघते.

पहिल्या घरी मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बाई म्हणाली, "आमचं काही नाही वो. शेजारीण बुजवंल तं आम्ही आजच बुजवू." शेजारीण म्हणाली, "ते पहिले बुजवू दे." तिसरी म्हणाली, "शेवंताबाईचा बुजला का?" पुढे सगळ्यांनी तेच विचारलं. मला जास्त बोलावं लागलं नाही. सगळ्या आपणहून बोलत होत्या, आणि प्रत्येकीचं बोट दुसरीच्या अंगणाकडे होतं.

शेवंताबाईंकडे गेले तेव्हा त्या खड्ड्यातच होत्या. फक्त डोकं दिसत होतं.

"आली बाटलीवाली," त्या म्हणाल्या. "बोल."

मी बोलले.

"पाह्य बाई, माझा नवरा होता तेव्हा हा खड्डा नव्हता. नळ वर होता. आजूबाजूच्यांनी खणले, माझा नळ सुकला. महिनाभर मी खालच्या हापशीवरून पाणी आणलं. कोणी विचारलं नाही, शेवंता, पाणी हाये का तुले. मंग मी खणला. सगळ्यांपेक्षा खोल खणला. आता म्हणता तू पहिले बुजव. काहून? मी येडी हाये का?"

त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांचा भरलेला गुंड वर घेतला आणि काठावर ठेवला. त्यांनी दुसरा दिला, तोही घेतला. शेवटचा गुंड वर आल्यावर त्या म्हणाल्या, "जाय आता. पार्बताले विचार. ते काय म्हणते?"

पार्बतामावशी तर ऐकूनच घेईनात.

"माझ्या घरी बाळंतीण हाये. नळ वर घेतला अन् पाणी नाही आलं तं मी काय करू? आता वाटीभर येते, घाण येते, पण येते. उकळून घेतो आम्ही."

"मावशी, उकळलं तरी..."

"तुझा साहेब येऊन भरून देईल का पाणी?"

मंगला बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. बाळाची टाळू तेलाने चमकत होती. ती म्हणाली, "आई, परवा विहीर पुजायची हाये ना. ते कुठं करायची?"

हा आमच्याकडचा रिवाज आहे. बाळ झाल्यावर ठरलेल्या दिवशी बाळंतीण विहिरीवर जाते, हळद-कुंकू वाहते, दिवा लावते, आणि मग पाण्याचं भांडं उचलते. त्याआधी ती पाणी भरत नाही. आळीतल्या सगळ्या बायांना बोलावणं असतं, घुगऱ्या वाटतात. बरडीवरची विहीर केव्हाच बुजली आहे. त्यामुळे अलीकडे बाया नळच पुजतात.

"कुठं म्हणजे? आपल्या नळावर," मावशी म्हणाल्या.

"त्या खड्ड्यात? मी उतरू खाली?"

मंगलाला टाके पडले होते. मावशींच्या खड्ड्यात तिला उतरवणं शक्यच नव्हतं. आणि खाली चिखलात दिवा ठेवायचा, हळद-कुंकू वाहायचं, हेही कोणाला बरं वाटलं नसतं.

"नळ वर पाहिजे पूजेले," मंगला म्हणाली. आईला सांगत होती की मला, कळलं नाही.

"अन् वर घेतला तं पाणी कुठून येईल? कोरडा नळ पुजशील?"

तेव्हा मी बोलले. आवाज बारीक आला, पण बोलले. "त्या वेळेला आळीत कोणीच पाणी भरलं नाही, सगळ्यांनी नळ बंद ठेवले, तर येईल मावशी. सगळ्या बाया तर इथेच असतील."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग मंगलाकडे. "शेवंता ऐकंल का?"

"मी बोलवायले जातो काकूले," मंगला म्हणाली.

सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, संपायच्या आधी बाळंतीण कोणाच्या घरात जात नाही. ती शेवंताबाईंच्या अंगणाबाहेर उभी राहिली, बाळ पदराखाली. मी चार पावलं मागे. शेवंताबाई बाहेर आल्या आणि आधी रागावल्या.

"हवा लागंल ना पोराले. कायले आली?"

"काकू, परवा पाणी पुजायचं हाये. तुम्ही या. अन् तेवढ्या वेळ नळ बंद ठेवा, मंग आमच्याकडे येईल."

"बंद कसा ठेवू, तोटी कुठं हाये त्याले?"

"साहेब तोटी देतेत," मी मागून म्हटलं.

"तोटी लावली तं काय, खड्डा तं खालीच हाये. बाकीच्या बाया घरी बसून भरतील अन् मी पूजेले येऊन बसू?"

"तुम्ही आल्या तं सगळ्याच येतील काकू," मंगला म्हणाली. "तुम्ही नाही आल्या तं एकही येणार नाही."

हे खरं होतं, आणि शेवंताबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी बाळाचा पाय पदरातून बाहेर आला होता तो आत केला. "एका दिवसापुरतं," त्या म्हणाल्या. "मंग ज्याचा तो."

मी ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं. नळाची पूजा म्हटल्यावर ते नीट समजून घेत होते की कोणती वेळ, किती वेळ. मग सेवकभाऊंना म्हणाले, "उद्या सगळीकडे तोट्या लावा. मावशीचा नळ वर घ्या. आणि परवा सकाळी लाइनचं तोंड उघडून आधीचं घाण पाणी बाहेर काढून टाका. पूजेला गढूळ यायला नको."

"तोट्या लावू देतील का साहेब?"

"एका दिवसासाठी म्हणा."

सेवकभाऊंनी दिवसभर तोट्या लावल्या. प्रत्येक दारात त्यांना एकच प्रश्न आला, शेवंताबाईने लावली का. ते म्हणायचे, पहिली तिथंच लावली. हे खरं होतं. त्यांनी मुद्दाम तिथूनच सुरुवात केली होती.

पूजेच्या सकाळी मी लवकरच पोचले. मावशींच्या अंगणात शेण सारवलं होतं. नवा नळ गुडघ्याएवढा वर उभा होता, खालचा खड्डा सेवकभाऊंनी मुरूम टाकून बुजवला होता. नळाभोवती रांगोळी. बाया एकेक करून येत होत्या, नवी लुगडी नेसून. कोणी नारळ आणला, कोणी बाळाला झबलं. शेवंताबाई सगळ्यांत शेवटी आल्या. हातात झेंडूचा हार होता.

"हा नळाले घालायले आणला," त्या म्हणाल्या. "वरून दिसंल असा. नळातून यायले नको."

बाया हसल्या. पार्बतामावशी हसल्या नाहीत. त्या तोटीकडे पाहत होत्या.

पाण्याची वेळ झाली. खाली सेवकभाऊंनी व्हॉल्व उघडला असणार. मंगला पाटावर बसली, समोर ताट. मावशींनी तोटी सोडली. काही आलं नाही. थोड्या वेळाने हवा आली, फुसफुस करत. मग हवाही थांबली.

मंगलाच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मावशी म्हणाल्या, "म्हटलं होतं मी." अगदी हळू म्हणाल्या.

शेवंताबाईंनी बायांवर नजर फिरवली. "कोणती नाही आली?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वळणाजवळच्या एका घरची सून दिसत नव्हती. शेवंताबाई उठल्या, पदर खोचला आणि आळीतून खाली गेल्या. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, शब्द नाही. मोटरीचा बारीक घूं घूं आवाज येत होता तो बंद झाला. टिल्लू पंप म्हणतात त्या मोटरीला. नळाला लावला की सगळ्या लाइनचं पाणी एकटाच ओढतो. शेवंताबाई परत आल्या, मागे ती सून, ओले हात पदराला पुसत.

"सासूनं सांगितलं होतं टाकी भरून घे म्हणून," ती म्हणाली. "सगळे तिकडं गेले, आज पाणी जोरात येईल म्हणे."

"आलं का जोरात?" कोणीतरी विचारलं.

"लई जोरात," ती खरं बोलली, आणि मग सगळ्या इतक्या हसल्या की तीही हसली.

नळातून पुन्हा हवा आली. मग थेंब. मग पाण्याची बारीक धार, करंगळीएवढी, पण स्वच्छ आणि न तुटणारी. ती हळूहळू अंगठ्याएवढी झाली. मंगला हळदीचा हात पुढे करणार, तोच मी म्हटलं, "थांबा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी आदल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती. वनिताबाई, हळद पडायच्या आधी बाटली भरा, नाहीतर पाणी कशाने पिवळं झालं ते कोणाला कळणार नाही. मी बाटली भरली, थेंब टाकले, हलवली. बाया पुढे वाकल्या. पाणी पिवळं झालं. पिकल्या लिंबाच्या सालीसारखं नाही, फिकं, पण पिवळं.

"हे चांगलं का वाईट?" शेवंताबाईंनी विचारलं. इतकी वर्षं मी आळीत जाते, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

"चांगलं," मी म्हटलं.

"मंग कर वो पोरी पूजा."

मंगलाने हळद-कुंकू वाहिलं, दिवा ठेवला, हार घातला. मग भांडं धारेखाली धरलं आणि ते भरेपर्यंत आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. ते भरायला वेळ लागला. भरल्यावर तिने ते उचललं आणि घरात नेलं. पार्बतामावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच घुगऱ्या वाटायला लागल्या.

घुगऱ्या खाताखाताच बोलणं सुरू झालं. नळ वर असूनही पाणी आलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणी म्हणालं, रोज कोण पूजा करणार आहे. कोणी म्हणालं, पण तोट्या आहेत ना आता. शेवंताबाईंनी हातातल्या घुगऱ्या संपवल्या. मग म्हणाल्या, "उद्या सेवकले पाठव माझ्याकडे. मुरूम घेऊन. पण सगळ्यांचे खड्डे एकाच दिवशी. मी पहिली नाही अन् शेवटचीही नाही."

तसंच झालं. मुरमाची ट्रॉली आळीत आली, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे बुजले. प्रत्येक घरातून कोणीतरी शेजारच्या खड्ड्यावर लक्ष ठेवून उभं होतं. गभने साहेबांनी स्वतः दोरी धरून नळांची उंची सारखी करून घेतली. निघताना मला म्हणाले, "पाणी काही वाढलं नाही वनिताबाई. आहे तेच वाटलं गेलं. नदीचं काम राहिलंच आहे." ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी पुलावरून पाहिलं तर इकॉर्निया तशीच होती, जॅकवेलजवळ माणसं लांब काठ्यांनी ती ओढत होती.

पोरांची पोटं हळूहळू ठीक झाली. टँकर लागला नाही. मंगला बाळाला घेऊन सासरी गेली, नाकाडोंगरीला. शेवंताबाईंच्या खड्ड्याच्या जागी आता अळू आहे, आणि वडी केली की त्या मला देतात. देताना बाटली दाखव म्हणतात.

टिल्लू पंप मात्र गेले नाहीत. मधूनच एखाद्या घरी लागतो आणि शेवटच्या नळाची धार बारीक होते. मग शेवंताबाई पदर खोचून निघतात. ऑफिसला कळवायची वेळ सहसा येत नाही.

मी अजून रोज बाटली भरते. पिवळी झाली की पुढच्या घरी जाते. नाही झाली तर आता लाइन खोदायला सांगत नाही. आधी आळीतून एक चक्कर मारते आणि कोणाच्या नळाखालचा मुरूम नुकताच उकरला आहे का, ते पाहते.